सातवी पायरी

लखनौच्या महानगर भागात, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत बबनराव धनवडे अकरा वर्षं भाड्यानं राहत होते. शेजारीपाजारी कुणालाही विचारा, उत्तर एकच: धनवाड़े जी? बहुत शांत आदमी हैं। हे कानावर आलं की द्रौपदीबाई पदर तोंडाला लावून आत पळायच्या. आपला नवरा शांत आहे हे त्यांना मुळीच कबूल नव्हतं. त्याला ओरडायला जागा मिळालेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

बबनराव मूळचे कोल्हापूरचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर होते आणि चौऱ्याऐंशी साली त्यांची बदली लखनौला झाली. परमुलखातला कोल्हापूरकर तांबड्या रश्श्यासाठी झुरतो असा सर्वसाधारण समज आहे. बबनरावांना ती अडचण नव्हती. चटणी दरसाल डबा भरून यायची आणि द्रौपदीबाईंच्या हाताला चव होती. ते झुरत होते एका आवाजासाठी, आणि आवाज काही डब्यात भरून आणता येत नाही.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि त्या संघामागे अख्खी पेठ असते. बबनरावांची भैरोबा तालीम. तिची जन्माची वैरीण शेषनारायण तालीम, दोघींच्या मध्ये फक्त एक रस्ता. या दोघींची शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानांच्या फळ्या दुपारीच लागायच्या. पायऱ्यांवर एका अंगाला भैरोबावाले, समोर शेषनारायणवाले, आणि दोन्हीकडे वाजवायला हलगी, घुमकं, कैताळ. मग जो आवाज उठायचा तो पार पेठेत ऐकू यायचा. घरात भाकरी थापणाऱ्या बाया तव्यावरून मान न उचलता सांगायच्या, "आपला गोल झाला" किंवा "मेल्यांनी घातला वाटतं." कारण प्रत्येक तालमीचा हलगीचा ठोका वेगळा. भैरोबाचा ठोका संथ सुरू व्हायचा आणि चढत जायचा. शेषनारायणचा पहिल्यापासून उधळलेला, श्वास घ्यायला जागा नाही.

त्या आवाजाची खरी गंमत अशी, की तो एका बाजूचा नसतो. इकडून आरोळी गेली की समोरून उत्तर यावंच लागतं. उत्तर आलं नाही तर ती आरोळी कसली, नुसता घसा फोडणं. आणि एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे: गोल ज्यांचा, हलगी त्यांची. दुसऱ्यांनी त्या वेळी गप्प बसायचं, दात-ओठ खायचे, पण परक्या तालमीचा ठोका काही झालं तरी वाजवायचा नाही. एकदा एका वरातीत बाहेरगावच्या हलगीवाल्यानं नकळत शेषनारायणचा ठोका धरला, तर भैरोबाचा नवरदेव घोड्यावरून उतरून चालता झाला होता. लग्न लागलं, पण दोन तास उशिरा.

भैरोबाच्या बाजूची वरून सातवी पायरी, खांबाला लागून, ही बबनरावांची जागा. हलगी त्यांच्या हातात असायची.

ही हलगी त्यांच्या हातात सुखासुखी आलेली नव्हती. त्यांच्या वडिलांनी गावात असताना लोकांच्या दारात, लोकांच्या हुकुमानं हलगी वाजवली होती. छप्पन्न साली त्यांनी धर्म बदलला, हलगी नदीत टाकली, आणि गाव सोडून कोल्हापुरात गिरणीत कामाला लागले. घरात हलगीचं नाव काढायचं नाही, ही त्यांची ताकीद. आणि पंधरा वर्षांच्या बबननं एक दिवस स्टेडियमवर, नेहमीचा वाजवणारा आला नाही म्हणून, हलगी उचलली. बातमी त्याच्याआधी घरी पोचली. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं,

"कुणी सांगितलं म्हणून वाजवलीस?"

"कुणी न्हाई. गोल झाला म्हणून."

वडिलांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "मग वाजीव. पण ज्या दिवशी कुणी हुकूम सोडंल, 'वाजीव रं', त्या दिवशी खाली ठेव."

बबनरावांनी हा शब्द जन्मभर पाळला. लखनौत ऑफिसातल्या एकाच्या वरातीत लोक मागं लागले, "धनवाड़े जी, सुना है आप बजाते हैं, ज़रा बजाइए ना!" तर पोट दुखतंय म्हणून ते सरळ घरी निघून आले. हलगी कॉटखालच्या ट्रंकेत होती, जुन्या साडीत गुंडाळलेली. दर थंडीत ते ती बाहेर काढायचे, पुसायचे, बोटांनी हळूच एक-दोनदा टिचकवायचे आणि परत ठेवायचे. "माझी सवत," द्रौपदीबाई म्हणायच्या, "माझ्यापेक्षा तिची साडी चांगली हाय."

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम डिसेंबरपासून असतो आणि बबनरावांचे नकाशे मार्चअखेर द्यायचे असत. त्यामुळे रजा मिळायची ती मे-जूनमध्ये, मुलीची शाळा सुटल्यावर. तोवर स्टेडियमला कुलूप. अकरा उन्हाळे ते गावी गेले आणि अकरा उन्हाळे कुलपाच्या फटीतून रिकाम्या पायऱ्या बघून आले. बदलीचे तीन अर्ज केले, तिन्ही परत आले. सुरुवातीला त्यांचा पेठेतला मित्र लक्ष्मीकांत प्रत्येक मॅचनंतर पोस्टकार्ड टाकायचा. मग हंगामाला एक यायला लागलं. गेल्या तीन वर्षांत एकही नाही.

बबनराव वरून काही बोलत नसत, पण मनात एकच गोष्ट कुरतडत होती. सातवी पायरी आता कुणीतरी घेतली असणार. पायरी काय, दगडाची. माणूस उठला की दुसरा बसतो. पण ती गेली, तर आपण कुठले? लखनौचे तर कधी झालोच नाही.

मुलगी रूपाली बारा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. बबनराव तिला स्टेडियमचा आवाज सांगायला लागले की ती भुवया उडवायची. "पापा, घर बैठे पता चल जाता था कि गोल किसका है? आप भी ना!" बापाच्या गोष्टी तिला खोट्या वाटत, आणि ते बबनरावांना सगळ्यात जास्त लागायचं.

पंचाण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी हिंदी पेपरच्या खेळाच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, चार ओळी आल्या. सरकारी खात्यांच्या संघांची अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा, लखनौच्याच बाबू स्टेडियमवर. मुंबईच्या संघातल्या खेळाडूंची नावं होती आणि त्यांत होतं: सुजय सालोखे (कोल्हापुर).

बबनरावांचा चहा निवून गेला.

"साळोखे म्हणजे आपलाच!" ते ओरडले. "आपल्या तालमीत तीन पिढ्या साळोखे खेळले. शंकर साळोख्याचा पोरगा असणार. द्रौपदे, ट्रंक काढ!"

आता साळोखे आडनाव कोल्हापुरात पैशाला पासरी. पण भैरोबाच्या माणसाला जगातला प्रत्येक साळोखे भैरोबाचाच वाटतो, त्याला इलाज नाही.

रविवारी दुपारी बबनराव हलगी काखेत मारून निघाले, सोबत रूपाली. तिला मैत्रिणीकडे जायचं होतं, पण बापाचा चेहरा बघून ती गुमान टेम्पोत बसली. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. स्टेडियमवर शे-सव्वाशे माणसं, शाली लपेटून, मूंगफली सोलत बसलेली. समोरच्या पायऱ्या तर साफ मोकळ्या. लखनौकरांचं फुटबॉल बघणंही लखनवीच. चांगला पास गेला की "वाह भई, वाह", आणि कुणी कुणाला पाडलं तर "अरे मियाँ, ज़रा संभाल के." बबनरावांना हे बघून दर वेळी गुदमरायला व्हायचं. फुटबॉल आहे की मुशायरा?

थंडीनं हलगीचं कातडं सैल पडलं होतं. नुसती थाप मारली तर ओल्या पोत्यासारखा आवाज. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. फाटकापाशी चौकीदारानं अलाव पेटवला होता. बबनराव त्या शेकोटीजवळ उकिडवे बसले आणि हलगी धगीवर धरून गोल गोल फिरवत राहिले. मधेच बोटानं टिचकी मारायची, कान द्यायचा, परत फिरवायची. चौकीदार म्हणाला, "क्या पका रहे हैं, बाबूजी?" रूपालीनं लाजून तोंड दुसरीकडे केलं. मग एका टिचकीला टण्णकन आवाज आला आणि बबनराव उठले. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते, असं ते म्हणाले.

मुंबई विरुद्ध लखनौ मॅच सुरू झाली. सुजय साळोखे नऊ नंबरचा बनियन घालून पुढं खेळत होता, बुटका, आखूड पायांचा आणि कमालीचा चपळ. पाचव्या मिनिटाला त्यानं दोघांना हुलकावणी दिली आणि बबनरावांच्या हातातली टिपरी आपोआप हलगीवर आली. भैरोबाचा ठोका. आधी संथ. मग चढता.

शाली वळल्या. मूंगफली थांबली. आणि मैदानावर नऊ नंबरचा पोरगा बॉल सोडून जागच्या जागी उभा राहिला. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं, बबनरावांना पाहिलं, आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की जणू कुणी त्याला कडू काढा पाजलाय. तेवढ्यात त्याचा बॉल गेला, लखनौच्या संघानं तो पुढं नेला आणि थेट गोल ठोकला.

हाफ टाइमला पोरगा तरातरा कठड्यापाशी आला.

"कुठलं ओ तुमी?"

"भैरोबाचा!" बबनराव छाती फुगवून म्हणाले. "तू शंकर साळोख्याचा न्हवं?"

"शंकर साळोखे माझं चुलतं. आमी रस्त्याच्या पल्याड ऱ्हातो. मी शेषनारायणचा हाय."

बबनरावांची फुगलेली छाती तिथंच बसली.

"आणि तुमी माझ्या कानाशी भैरोबाचा ठोका वाजिवताय! पाय जड झालं की माझं. तुमच्यामुळं बॉल गेला."

"ठोक्यानं बॉल जात असंल तर बूट काढ आणि गोट्या खेळ."

"गेल्या वर्षी भैरोबाला तीन घातल्यात मी. विचारा जावा गावाकडं."

"रडीचा डाव खेळून घातलं असशील! शेषनारायणचं पहिल्यापासनं तेच!"

"आता बघाच तुमी," पोरगा म्हणाला आणि पाय आपटत गेला.

रूपाली घाबरली होती. "पापा, वो गुस्सा हो गया क्या?" तिनं बापाकडे पाहिलं तर बापाचा चेहरा दिवाळीतल्या पणतीसारखा. अकरा वर्षांत भैरोबा तालमीला कुणी शिवी दिली नव्हती. देणार कोण? या शहरात भैरोबा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आज एकानं दिली होती, आणि बबनरावांच्या अंगात रक्त पुन्हा धावायला लागलं होतं.

दुसऱ्या हाफला बबनराव पहिल्यांदाच लखनौचे झाले. शेषनारायणवाला ज्या संघात, त्याच्या विरुद्ध आपण, हिशोब साधा होता. हलगी अशी कडाडली की मूंगफली सोलणारे उठून उभे राहिले. आपल्या संघासाठी हा गृहस्थ एवढा हात झिजवतोय म्हटल्यावर लोकांनाही चेव आला. गल्लीतल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मियाँजींनी टाळ्यांनी ठोका धरला, मग दहांनी, मग पन्नासांनी. शाली खांद्यांवरून घसरल्या. शे-सव्वाशे माणसांचा का होईना, पण आवाज उठला आणि धुक्यातून मैदानावर गेला. रूपालीही ओरडत होती, आणि गंमत म्हणजे मराठीत: "घाला! घाला!"

बबनरावांचे डोळे भरून आले. पण आवाज समोरच्या मोकळ्या पायऱ्यांवर आपटायचा आणि तिथंच मरायचा. तिकडून काही येत नव्हतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि सुजय साळोख्याच्या पायात बॉल आला. त्यानं एकाला डावीकडे काढलं, दुसऱ्याच्या पायांमधून बॉल घेतला, आणि वीस पावलांवरून असा हाणला की गोलकीपरनं हात वर करेपर्यंत जाळी हलली. बरोबरी. इकडचे सगळे एकदम चूप. बबनरावांची हलगीही चूप, नियमाप्रमाणे.

आणि तो पोरगा सवयीनं धावत सुटला. सोबत्यांकडे नाही, समोरच्या पायऱ्यांकडे, जिथं कोल्हापुरात त्याची पेठ बसलेली असते. दोन्ही हात वर करून तो कठड्यापाशी पोचला. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं. पोरगा वर केलेले हात तसेच ठेवून उभा राहिला आणि मग त्याचे हात हळूहळू खाली आले.

बबनरावांनी ते पाहिलं. ते उभं राहणं त्यांच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं ते स्वतः तसेच उभे होते.

एवढा देखणा गोल. आणि हलगी नाही?

त्यांनी टिपरी उचलली. मग शेषनारायणचा ठोका सुटला, पहिल्या घावापासून उधळलेला, श्वास घ्यायला जागा न ठेवणारा. जन्मात कधी वाजवला नव्हता, पण वीस वर्षं समोरून ऐकून ऐकून त्यातला घाव न् घाव त्यांना पाठ होता. दात-ओठ खात ऐकलेलं माणूस विसरत नाही.

"अरे धनवाड़े जी, ये तो उनका गोल है!" मियाँजी ओरडले. बबनरावांनी ऐकलं नाही.

मैदानापलीकडे पोरगा गर्रकन वळला. बघत राहिला. मग तिथंच गुडघ्यांवर बसला आणि बनियननं तोंड पुसायला लागला. पुसणं काही लवकर संपेना, तेव्हा रेफ्रीला जाऊन त्याला उठवावं लागलं.

मॅच एक-एक सुटली. जाताना सुजय कठड्यापाशी आला, या वेळी पाय न आपटता. म्हणाला, "काका, पेठेत सांगनार न्हाई."

"आईची शपथ घे."

"घेतली."

परतीच्या टेम्पोत रूपाली हलगी मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "पापा, वो तो दुश्मन टीम का था ना? फिर आपने क्यों बजाया? किसी ने बोला था?"

"कुणी न्हाई बोललं," बबनराव म्हणाले. "गोल झाला म्हणून."

रात्री त्यांनी हलगी साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातली. आवाज मिळाला होता, पण तो मिळवताना आपण तालमीला बट्टा लावला, हे त्यांना कळत होतं. पेठेत आपली आठवण कुणाला नाही, हे त्यातल्या त्यात बरं, असं त्यांनी द्रौपदीबाईंना सांगितलं.

शेषनारायणवाल्याची शपथ ती किती टिकणार? फेब्रुवारीत पोस्टमननं एक कार्ड टाकलं. अक्षर लक्ष्मीकांतचं, तीन वर्षांनी.

"बबन्यास, शेषनारायणचा साळोखे गावभर सांगत सुटलाय की तू लखनौत त्यांचा ठोका वाजवलास. खोटं असेल तर उलट टपाली कळव, त्याचे दात घशात घालतो. खरं असेल तर तुला लाज वाटली पाहिजे. अकरा वर्षं सातव्या पायरीवर खांबाजवळ कुणाला टेकू दिलं नाही. नवी पोरं विचारतात, ही जागा कुणाची, तर तुझं नाव सांगतो. आता त्यांना काय सांगू? मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याशीच सेमी-फायनल आहे. तोंड दाखवायची हिंमत असेल तर ये आणि सगळ्यांसमोर बोल. लक्ष्मीकांत."

द्रौपदीबाई भाजी निवडत होत्या. नवरा कार्ड धरून हमसून हमसून रडतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, गावाकडे कुणीतरी गेलं. त्या हातातली जुडी टाकून धावत आल्या, कार्ड हिसकावून वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, शिव्या घातल्यात त्यांनी. रडताय काय?"

"कुणाला टेकू दिलं न्हाई," बबनराव म्हणाले. "वाच की. अकरा वर्षं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी रजेचा अर्ज दिला. मार्च महिना, नकाशे अर्धवट, रूपालीची परीक्षा तोंडावर. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. अर्जात कारण लिहायला जागा छोटीशी असते. तिथं बबनरावांनी लिहिलं होतं: घर से बुलावा आया है।